बाईचा बत्ता: चंद्रपूर ते धानोरा, तीन दिवस

या ब्लॉगवर याआधी मी ताडोबा आणि मार्कंडा लिहिलं. दोन्हीकडे आम्ही दोघं गेलो होतो. या वेळी मी एकटाच होतो.

सुनंदा, माझी पत्नी, मेडिकल कॉलेजात समाजसेविका होती. दर हिवाळ्यात शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी घेऊन ती दहा दिवस धानोऱ्याकडच्या एका गावात आरोग्य शिबिराला जायची. "चला की एकदा," असं दरवर्षी म्हणायची. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं मी विचारायचो. गेल्या उन्हाळ्यात ती कायमची गेली.

डिसेंबरात तिच्या विभागातून फोन आला. शिबिराची पिशवी तुमच्याकडेच राहिली असेल, त्यात गावातल्या मुलांची नोंदवही आहे, कोणाकडून तरी पाठवा. मी म्हणालो, मीच आणतो. मदत करायची होती असं काही नाही. वर्षातले ते दहा दिवस ती कोणाला देत होती, ते मला पाहायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवी पहिल्यांदा उघडली. जाण्याआधीच तिने ती पुढच्या शिबिरासाठी भरून ठेवली असावी. वहीच्या खाली आमच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता निघाला. तो मी सहा महिने शोधत होतो आणि चहाचं आलं वाटीच्या बुडाने ठेचत होतो. शिबिरातल्या चहासाठी नेत असेल, असं वाटून थोडा रागही आला. बत्ता काढून मी माझ्या सॅकमध्ये ठेवला.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. चंद्रपूरहून सकाळची गडचिरोली एसटी पकडावी. मूलला गाडी थांबते, तिथे तर्री-पोहे चांगले मिळतात. पुढे वैनगंगेचा पूल लागतो. गडचिरोलीला गाडी बदलून धानोऱ्याला साधारण तासाभरात पोचतो. दोन्ही तिकिटं मिळून शहरातल्या एका जेवणाइतकाच खर्च येतो. धानोऱ्यानंतर जंगल सुरू होतं आणि बस कमी होतात, म्हणून मी शिबिराच्या जीपने गेलो. मच्छरदाणी, टॉर्च आणि सुटे पैसे बरोबर असू द्या. मोबाईलला फक्त पाण्याच्या टाकीजवळ रेंज आहे.

गावात धानाची मळणी संपत आली होती. मुक्काम शाळेत. आठ विद्यार्थी होते, सगळे पहिल्यांदाच आलेले. लहान मुलांचं वजन करायचं काम ऋतुजाकडे होतं. मुलगी लातूरची, बोलायला भराभर.

स्वयंपाक गावातल्या मैनाबाईंकडे असतो. वय साठीचं. मी कोण हे कळल्यावर त्यांनी मला चुलीजवळ पाट दिला आणि ताटात भाताबरोबर सुके झिंगे, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, वाढले.

"मला चालत नाहीत," मी म्हणालो.

"काऊन जी? बाईले तर लय आवडे. दोनदा मांगून खाये."

आमच्या घरात झिंगे कधी शिजले नाहीत. मला वास सहन होत नाही. एकतीस वर्षांत तिने एकदाही मागितले नाहीत, आणि इथे दोनदा मागून खायची.

"नाचे पण," भाकरी थापता थापता त्यांची सून म्हणाली. "रेला लागला का बाई पुढं."

रेला म्हणजे इथला फेर धरून नाचायचा गोंडी नाच. लग्नाच्या वरातीत ती कायम मागे उभी राहायची. मी मान खाली घालून वरणभात संपवला. या अनोळखी बायकांचा मला इतका हेवा वाटला की हात धुवायलाही तिथे थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजाने शाळेसमोरच्या चिंचेला वजनकाटा टांगला. खाली कापडी झोळी, सुनंदानेच शिवलेली. वाऱ्याने ती हलत होती. पंधरा-वीस बाया पोरं घेऊन आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या.

"काका, या लाजतात का?" ऋतुजाने मला विचारलं.

उत्तर मैनाबाईंनी दिलं. "लाजते कोण? तू खाली झोळी हालवून राह्यली, पोरी. लेकराले बाधते ते. बाईचा बत्ता कुठी हाय?"

"कसला बत्ता?"

तेव्हा मला समजलं. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, कारण रिकामा पाळणा हलवायचा नसतो. सुनंदा झोळीत बत्ता ठेवायची. बाळ आलं की बत्ता बाहेर, बाळ गेलं की बत्ता आत.

ऋतुजाने जमिनीवरचा एक दगड उचलून झोळीत टाकला. बायांमध्ये हशा पिकला.

"रस्त्यावरचा गोटा! डॉक्टरीन झाली, पाळणा नाई पाह्यला!"

"मग तुमच्या घरचा आणा ना, मावशी."

"जमत नाई. ज्याची झोळी त्याच्याच घरचा लागते."

ऋतुजा माझ्याकडे वळली. "काका, पिशवीत होता का?"

"वही होती," मी म्हणालो. सॅक माझ्या पायाशीच होती. झिंगे तुमचे, नाच तुमचा, निदान ही एक वस्तू तरी माझ्या स्वयंपाकघरातली आहे, असं मनात आलं.

बाया पांगू लागल्या. ऋतुजा वही उघडून एकीच्या मागे धावली. "सरिताताई, थांबा! काका, हेच बाळ बघायचं होतं. आठ महिन्यांचं आहे, इथल्या आशा सेविका म्हणाल्या दूध ओढत नाही. उद्या माहेरी जाणार, मग कधी सापडणार?"

सरिता वळणापर्यंत पोचली होती. तिच्या खांद्यावरचं बाळ रडतही नव्हतं. मी सॅक उघडली.

मैनाबाईंनी बत्ता हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यापाशीच होता का, भाऊ?"

"हो."

झोळीत बत्ता ठेवून त्यांनी हाक मारली, "ये वं सरिता, बाईच्या घरचा आला." मग मला म्हणाल्या, "बाई सांगे, आमचे साहेब याच्यानंच अद्रक कुटते. दहा दिवस त्याईले फिका चहा प्या लागते, मनून हासे."

बाळाचं वजन पाच किलो दोनशे भरलं. ऋतुजाने ते दोनदा पाहिलं. दुपारीच सरिताला आणि बाळाला शिबिराच्या जीपने गडचिरोलीच्या दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळपर्यंत बाकी सगळ्या मुलांची वजनं झाली. बत्ता आत-बाहेर करायचं काम मी केलं.

तिसऱ्या दिवशी निघताना मी बत्ता ऋतुजाला देऊ लागलो. मैनाबाईंनी अडवलं.

"घेऊन जा जी. वर्षभर तुमच्या घरी अद्रक कुटला पाह्यजे, तवाच तो घरचा राह्यते. पुढच्या साली आणजा."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर लेकरं बिनतोलाचे राह्यतील," त्या म्हणाल्या, आणि कागदात बांधलेली एक पुडी माझ्या सॅकमध्ये कोंबली.

आता चंद्रपुरात आहे. परवा ऋतुजाचा मेसेज आला, बाळ दूध ओढतंय, पाच किलो सहाशे. आनंद झाला. हेवा मात्र गेला असं लिहिलं तर खोटं होईल. त्या अंगणात नाचणारी सुनंदा मी पाहिली नाही, आणि ज्यांनी पाहिली त्यांच्याबद्दल अजून मनात काहीतरी टोचतं. सहल करण्यासारखी आहे का, असं विचाराल तर जा. कोणी दरवर्षी बोलवत असेल तर लवकर जा.

पुडीत सुके झिंगे होते. काल लसूण त्याच बत्त्याने ठेचून ते शिजवले. चार घास खाल्ले, पाचवा जाईना. घरात अजून वास आहे. खिडक्या मी उघडलेल्या नाहीत.