रेडकाचा आवाज

मी लहान मुलांसाठी कार्टून बनवते. कोल्हापुरात हे सांगितलं की माणसं हसून विचारतात, "ते ठीक, पण पोटापाण्याचं काय करता?" माझी टीम छोटी, खोल्या दोन, आणि आमचा नायक एक रेडकू. नदीला भिणारं, अंघोळीला नको म्हणणारं.

दर रविवारी प्रोजेक्टर घेऊन एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात जाते. याला कुणी समाजसेवा म्हटलं की माझं डोकं फिरतं. इतके कडक परीक्षक मला फुकटात दुसरीकडे कुठे मिळणार?

त्यातलीच एक आजऱ्याकडची आठ वर्षांची पोर. हृदयाला जन्मापासून छिद्र, ऑपरेशनची वाट बघत पडलेली. आमचा भाग बघून तिनं नाक मुरडलं. "रेडकू असं बोलतंय व्हय? ह्ये तर शाळंतल्या बाईंगत बोलतंय."

"मग तूच बोल की," मी म्हणाले.

आणि ती खरंच बोलली. आमच्या धंद्यात आवाज आधी आणि चित्र मागून. आवाजाच्या मापानं तोंड हलवायचं असतं. डॉक्टरांना विचारून आम्ही तिच्याच खाटेभोवती गोधड्या टांगल्या आणि माइक लावला. अर्धं वाक्य झालं की तिला धाप लागायची. मग हात वर करून सांगायची, "थांबा की वाईच, रेडकू दमलंय." मी हसायचे. तिची आईही हसायची.

ऑपरेशन झालं आणि ती वाचली नाही. याहून लांब वाक्य मला आजही जमत नाही.

तो भाग मी बंद करणार होते. तिच्या आईला फोन केला तर ती म्हणाली, "न्हाय ताई, पुरं करा. मला तिला ऐकायचं हाय." मग आम्ही महिनोन्‌महिने त्या आवाजावर रेडकाचं तोंड हलवत बसलो. भाग तयार झाला तेव्हा आई एसटीनं एकटीच आमच्याकडे आली. खुर्चीच्या काठावर बसली.

पडद्यावर रेडकू घाट उतरून नदीशी आलं आणि बोलायला लागलं. आई बघत राहिली. संपल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, ही कुणाची पोर?"

"तुमचीच," मी म्हणाले.

"न्हाय. माझी लेक येवढं एका दमात कधी बोललीच न्हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रेकॉर्डिंग आलं की आमच्याकडे ते आधी साफ करतात. श्वास, खोकला, मधल्या रिकाम्या जागा, सगळं कापून वाक्य सलग जोडतात. प्रत्येक आवाजाचं असंच होतं, त्यात विचारायचं काय? आमच्या साउंडवाल्यानं तर हे काम जीव लावून केलं होतं. जन्मभर श्वासासाठी झगडलेल्या पोरीचा श्वासच आम्ही काढून टाकला होता, आणि इतके महिने ऐकूनही एकालाही काही खटकलं नव्हतं. मला भयंकर राग आला, पण कुणावर काढणार? साउंडवाला खाली मान घालून रडत होता.

मूळ रेकॉर्डिंग तेवढं ठेवलेलं होतं. त्याला चित्र नव्हतं. काळ्या पडद्यासमोर आम्ही ते लावलं.

अर्धं वाक्य. मग धाप. मग पुन्हा दोन शब्द. आईचा चेहरा उजळला. "हां, हीच," ती पुटपुटली आणि स्पीकरकडे सरकून बसली. तेवढ्यात पोरीला ठसका लागला. तो थांबेचना. आईचे हात खुर्चीवर घट्ट झाले. स्पीकरवरची नजर न काढता ती मला म्हणाली, "ताई, वाईच पाणी द्या की तिला."

मी उठले. तांब्या भरून आणला, आणि तो कुणापुढे धरायचा ते मला कळेना.