लुव्हेनियाच्या काखेतलं गळू

कोंबड्यांच्या कारखान्यात लुव्हेनिया टेटम माझ्या शेजारी उभी राहून मांड्या कापते. अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यातल्या आमच्या गावात दुसरं काम नाही. कोंबड्या पुढे नेणारा पट्टा कुणासाठी थांबत नाही. मुकादमाने बदली दिल्याशिवाय लघवीलासुद्धा जागा सोडायची नाही. न विचारता गेलात, की कायमचे घरी बसा. लुव्हेनिया साठीला टेकलीय. तिच्या आजारी नवऱ्याचा विमा तिच्याच नोकरीवर चालतो.

मार्चमध्ये तिच्या काखेत लिंबाएवढं गळू आलं. रविवारी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चिरा देऊन पू काढला.

"पू निघाला, हाच खरा उपाय," त्या म्हणाल्या. "बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. अँटिबायोटिक घेतलंत तर पुन्हा होण्याची शक्यता थोडी कमी होते, पण जुलाब होऊ शकतात. देऊ?"

"जुलाब? मग नकोच बाई."

"शहाण्या आहात. लोक उगाच गोळ्यांसाठी हटून बसतात."

शहाणपण कसलं डोंबलाचं! मी तोंड उघडणार, तोच लुव्हेनियाने माझं मनगट दाबलं. बाहेर येऊन म्हणाली, "त्या बिचारीला काय सांगतेस? ती थोडीच बदली देणार आहे?"

ते गळू भरलं. पण महिन्याभराने दुसऱ्या काखेत आलं, तेही तापासकट. या वेळी पू काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलंच नाही, गोळ्या लिहून दिल्या. लुव्हेनियाही मुकाट्याने घेऊ लागली. ताप उतरला आणि पोट बिघडलं.

"गार्लंड, बदली दे रे लवकर," तिने मुकादमाला हाक मारली.

"जरा कळ काढा लुव्हेनियाबाई. माणूस नाही."

"अरे, जन्मभर तेच करतेय. आज नाही निभायचं."

"पाठवतो कुणालातरी," म्हणत तो पुढे गेला. तो आला नाही. तिने दोनदा दाराकडे पाहिलं, पण जागा सोडली नाही. सुरी चालूच होती.

वास आला तेव्हा मला कळलं. समोरच्या बाया खाली बघून कापत राहिल्या. मला रडू फुटलं. मी सुरी ठेवली, माझा एप्रन सोडला आणि तिच्या मागच्या बाजूने गुंडाळून बांधला. माझ्या वाट्याच्या कोंबड्या तशाच पुढे चालल्या होत्या.

"अगं, जागेवर जा," मान वर न करता ती म्हणाली. "तुझी नोकरी तरी राहू दे."