मुकुटवाली राणी

आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीचे एक भाई राहतात. कुवेतच्या शुऐबा बंदरात नोकरी करतात, आणि छंद एकच: रशियाच्या जुन्या राजा-राण्यांच्या स्मरणार्थ काढलेली चांदीची नाणी. दाखवताना हातमोजे घालतात, नाणं कडेनंच धरतात. कुणी बोट पुढे केलं की लगेच म्हणतात, "हात नको हां, साहेब. घामानं चांदी काळी पडते."

गेल्या शुक्रवारी मी आईला त्यांच्याकडे नेलं. ती नाशिकहून माझ्याकडे राहायला आली आहे. तिला आता दिसत नाही. मी नाण्यांची वाहवा करत होतो आणि ती बाजूला बसून ऐकत होती. भाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग एक नाणं उचललं आणि सरळ तिच्या तळहातावर ठेवलं.

"मावशी, तुम्ही सांगा, कोण आहे?"

आईचा अंगठा हळूहळू फिरला. "बाई आहे. डोक्यावर मुकुट. मान काय ताठ आहे हिची! हिच्यानंतर गादीवर कोण बसलं?"

"सांगतो," भाई म्हणाले. त्यांनी अख्खी पेटी आईच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या पायाशी, गालिच्यावर बसले.