सासऱ्यापुढं म्हटलेलं ‘व्हय’

मी तोंडाची फटकळ आहे. इतकी वर्षं खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यावर माणूस गोड राहीलच कसा? पण ज्या दिवशी खरंच कुणाला तरी हाकलायला पाहिजे होतं, त्या दिवशी माझी जीभ मऊ पडली.

चैत्राचं ऊन होतं, घरोघर हळद शिजवणं चालू होतं. एक सासरा सुनेला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. पोरगी विशी-बाविशीची. एक दिवस आणि एक रात्र उलट्या-जुलाब, त्यात अंग दुखतं म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या, आणि तशाच अंगानं ती हळदीच्या कढईपाशी राबलेली. डॉक्टर शिबिराला गेले होते. मी सलाईन लावली. सासरा खाटेपासून हलेना, रुमालानं तिला वारा घालत बसला.

“लेकरू हाय माझं, सिस्टर. बराबर बघा.”

सुनेसाठी असा जीव टाकणारा सासरा मी पाहिला नव्हता. त्याला बाहेर जा म्हणायला माझं मन होईना. मी त्याच्यासमोरच विचारलं, “लघवी होते का गं?”

तिनं पदर आणखी पुढं ओढला. “व्हय.”

आता सांगा, आपल्याकडची कोणती सून सासऱ्यापुढं दुसरं काही म्हणेल? मी काय परदेशातून आले होते? माझ्या सासऱ्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले नाही. तरी मी केसपेपरवर ‘लघवी होते’ असं लिहिलं. दोन बाटल्या गेल्या, बीपी वर आलं, ती उठून बसली. मी ओआरएसची पाकिटं देऊन तिला घरी पाठवली.

तिसऱ्या दिवशी तो तिला जीपमध्ये आडवी घालून घेऊन आला. तोंड सुजलेलं, धाप लागलेली, डोळे उघडत नव्हते. मी सासऱ्याला बाहेर काढलं, दार लोटलं आणि तिच्या कानाशी वाकले.

“लघवी कवापासून न्हाई?”

“तुमच्याकडं आले त्याच्या आदल्या सांजपासून.”

“मग तवा काहून न्हाई सांगितलं?”

“मामाजी होते ना.”

अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडं बंद पडायला लागतात, वरून त्या दुखण्याच्या गोळ्या घाव घालतात. वेळीच ओळखलं तर बहुतेकदा माणूस सावरतो. मूत्रपिंडं चालतात का हे सांगणारी रक्ताची तपासणी आमच्याकडे होत नाही, नमुना जिल्ह्याला जातो, कागद दुसऱ्या दिवशी येतो. पण लघवी झाली का, किती झाली, कशा रंगाची झाली, हे बघायला कोणतं मशीन लागतं हो? तिला नांदेडला पाठवलं. डायलिसिस झालं. आठव्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून मी बाईला तपासताना सगळ्यांना हाकलते, अगदी नवऱ्यालासुद्धा. जुलाबाच्या प्रत्येक पेशंटच्या हातात खुणा केलेली रिकामी बाटली देते आणि त्यात किती भरलं ते स्वतः बघते. “सिस्टरला लघवीचं येड लागलंय,” असं लोक म्हणतात. लागलंय खरं. कुणी पदर पुढं ओढला की मला तीच बसलेली दिसते.

मागच्या पोळ्याला आखाडा बाळापूरच्या बाजारात तो सासरा समोर आला. मी तोंड चुकवणार होते, पण त्यानं हात जोडले. मग मला राहवलं नाही. भर बाजारात म्हणाले, “दादा, माझं चुकलं. मी तुमच्यासमोर विचारायला नको होतं.”

त्यानं जोडलेले हात खाली घेतले.

“तिला माझी लाज वाटून राहिली, हे मला तवाच कळलं होतं, सिस्टर,” तो म्हणाला. “मी उठून बाहेर जाणारच होतो. पण तुमी काही म्हणलं न्हाई. मला वाटलं, तुमाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”