बार्शीचा दत्तू, गुलबर्ग्याचा इब्राहिम

हातलाईच्या डोंगरावरून उतरणारा हिवाळ्यातला वारा अंगाला झोंबू लागला की मला अजूनही तेल पाजलेल्या चामड्याचा वास येतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात पांढुरकी धूळ तरंगते आहे, चेंडूवर पाय पडल्याचा तो भरीव, बद्द आवाज दूरवर विरत जातो आहे, आणि कुणीतरी दमल्या स्वरात मला हाक मारतं आहे. माणसाच्या आयुष्यात आशेचा असा एखादाच ऋतू येत असावा. तो सरताना कळत नाही, आणि कळतं तेव्हा त्या मैदानावर हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं.

मी तेव्हा धाराशिवच्या शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी आमच्या क्लबाच्या संघात डाव्या बगलेला बचावाला उभा राहत असे. जिल्ह्याच्या साखळीत आम्ही खालच्या दर्जात होतो. त्या दर्जात पहिला येणारा संघ वर चढायचा, आणि वर चढलेल्यांना गुलबर्ग्याच्या मोठ्या मैदानावर खेळायला मिळायचं. आमचे अध्यक्ष महालिंगअप्पा सरकीचे व्यापारी. मोठा टिळा, मोठं पोट आणि फुटबॉलचं त्याहून मोठं वेड. त्या वर्षी दसऱ्यापर्यंत आम्ही बरे खेळलो, आणि मग गोलकीपरचं मनगट मोडलं, पुढच्या फळीतला आमचा एकमेव नेमबाज नोकरीसाठी हैदराबादला गेला. संघ घसरू लागला.

अप्पा म्हणाले, "मास्तर, दिवाळी झाली की दोन गडी बाहेरून आणतो. गुलबर्ग्याच्या मैदानावर आपला संघ बघितल्याबिगर मी डोळे मिटणार न्हाय."

आणि ते आले. बार्शीहून दत्तू आला, गिरणीत काम करणारा, बुटका, सदा हसरा, ज्याच्या उजव्या पायात वीज होती. बार्शी इंग्रजांच्या मुलखातली, पण नुकताच तो मुलूख स्वतंत्र झालेला. आम्ही मात्र अजून निजामाच्या राज्यात. गुलबर्ग्याहून इब्राहिम आला, उंच, अबोल, लांब हातांचा गोलकीपर. अप्पांनी दोघांना सरकीच्या वखारीमागची एकच खोली दिली. दिवस मावळेपर्यंत दत्तू चेंडू मारी आणि इब्राहिम अडवी. अडवला की इब्राहिम नुसता मान हलवी, सुटला की दत्तू त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "आता उद्या अडव." त्या दोघांच्या जेवणाला एकच ताट पुरे, हे पाहून काही भुवया चढल्या. पण संघ जिंकत सुटला होता आणि जिंकणाऱ्यांचे अपराध गावाला दिसत नाहीत. संक्रांतीपर्यंत आम्ही वरच्या पायरीला हात लावण्याइतके जवळ पोचलो. शेवटचा सामना लातूरशी. जिंकलो तर वर, नाहीतर होतो तिथंच.

पण काळाला आमच्या गुणांशी काय कर्तव्य असणार? सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्धच्या लढ्याच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या, अलीकडं निजामाच्या बाजूचे रझाकार भाले घेऊन बाजारातून फिरू लागले होते. एके दिवशी त्यांच्यातले काही जण वखारीवर आले आणि इब्राहिमला आपल्यात यायला सांगू लागले. मी तिथं होतो. तो शांतपणे म्हणाला, "मेरे कू गोल पो खडा रैने कू बुलाये, वर्दी पेनने कू नै." ते निघून गेले, पण जाताना त्यांनी दत्तूकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

त्याच आठवड्यात आईच्या दुखण्याचा निरोप आला म्हणून दत्तू बार्शीला गेला. परत येताना येडशीच्या स्टेशनाबाहेर रझाकारांनी त्याला अडवलं. बार्शीचा माणूस म्हणजे छावणीचा माणूस, एवढाच त्यांचा न्याय. त्यांनी त्याचा उजवा गुडघा फोडला. खबर आली तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो, आणि इब्राहिम उठला. अप्पांची बैलगाडी जुंपून तो एकटा येडशीला गेला, वाटेवरच्या प्रत्येक चौकीत आपलं नाव सांगून सुटत गेला, आणि दत्तूला कडब्यावर निजवून घेऊन आला. त्यानंतर बाजारात त्याच्या सलामाला त्याच्याच लोकांनी उत्तर देणं सोडलं.

पुढं रझाकारांच्या भीतीनं अप्पा कुटुंब घेऊन सोलापूरला निघाले. निघताना मला म्हणाले, "मास्तर, सामना खेळा." त्यांना दुसरं काही सुचत नसावं. मला तरी कुठं सुचत होतं?

आम्ही खेळलो. निम्मा संघ गाव सोडून गेलेला, उरलेले आठ जण. दत्तू बांधलेला पाय लांब करून मैदानाच्या कडेला पोत्यावर बसला होता. इब्राहिमनं त्या दिवशी जे अडवलं ते अडवण्याजोगं नव्हतंच. पण आमच्याकडं गोल मारणारा कुणी नव्हता आणि बरोबरीनं आमचं भागणार नव्हतं. अखेरीस इब्राहिम गोल सोडून पुढं धावला, दत्तूच्या जागेवर. चेंडू त्याच्या पायातून निसटला, लातूरकरांनी लांब टोलवला, आणि रिकाम्या गोलात तो इतका संथ घरंगळत गेला की मला धावत जाऊन तो गाठता येईल असं वाटलं. गाठता आलं नाही.

दत्तू म्हणाला, "गोल कशाला सोडलास रं?"

"फिर कोन मारता था?" इब्राहिम त्याच्याशेजारी बसत म्हणाला.

पावसाळ्याच्या शेवटी पोलीस अ‍ॅक्शन झाली, भारताची फौज आली आणि राज्य बदललं. जे आजवर भीत होते ते आता भिववू लागले. सूड माणसाचं नाव विचारतो, त्यानं कुणाला गाडीत घालून आणलं होतं ते विचारत नाही. इब्राहिम गुलबर्ग्याला म्हणून पायी निघाला. मी त्याला वेशीपर्यंत पोचवलं आणि परत फिरलो. सामन्यानंतर बार्शीला परतलेल्या दत्तूला हे कळलं, तसा काठी टेकीत तो त्याच्या शोधात गेला. गुलबर्ग्यात इब्राहिमची म्हातारी आई दारात बसली होती. दत्तूला पाहून तिनंच विचारलं, "मेरा बच्चा किधर है?" वाटेवरच्या गावांतून दत्तू विचारीत फिरला. कुणी सांगेना. काहींनी त्याला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

काही वर्षांनी साखळी नव्यानं सुरू झाली. जुने दर्जे मोडले आणि आमचा संघ, न जिंकता, एका कागदी हुकुमानं वरच्या वर्गात गेला. अप्पा तोवर सोलापुरातच निवर्तले होते. मी बार्शीला जाऊन दत्तूला सांगितलं, "आपण वर चढलो. पहिला सामना गुलबर्ग्यालाच आहे. तू चल बघायला."

त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "गोलवर कोण हाय?"

मी एका नव्या खेळाडूचं नाव सांगितलं.

"चांगला असंल," तो म्हणाला, आणि मला चहा टाकायला आत गेला.