चौथ्या पावलाचा भाव

किंमत ऐकून पाठ फिरवण्यात माझ्या मामाचा हात धरील असा माणूस मालवणच्या किनाऱ्यावर अजून जन्मायचा आहे. देवाने त्याला स्वर्गाचा दर सांगितला तरी तो आधी निम्म्याला मागेल आणि चालू लागेल. शास्त्र त्याचे स्वतःचे आहे. चार पावले सावकाश टाकायची, मागे बघायचे नाही, चौथ्याला हाक येतेच. ह्या शास्त्रावर त्याने जाळी घेतली, कौले घेतली, मामीला शिलाईमशीन घेतली. लग्नाच्या बोलण्यांतूनही तो असाच उठला होता आणि चौथ्या पावलाला हाक आली, असे तो अभिमानाने सांगतो. मामीच्या मते हाक तिनेच मारली होती, तो छत्री विसरला होता म्हणून.

माझे बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, आई मासळी वाळवून सुकट विकायची. घरात पैशाची ओढाताण अशी की मला फळा दिसत नाही हे मी आठवीपर्यंत कुणाला सांगितलेच नाही, बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून उतरवत राहिले. शेवटी चष्मा आणला तो मामाने, अर्थात चार पावले टाकून. फ्रेम इतकी मोठी होती की माझ्यापेक्षा तीच आधी वर्गात शिरायची. त्याच चष्म्यातून वाचून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. हे मी मुद्दाम लिहिते.

पुढे गणवेशाच्या नोकरीची भरती निघाली. चष्मा चालणार नव्हता, पण लेसरने घालवलेला नंबर चालणार होता. ती ओळ मी चार वेळा वाचली. गावाने ठरवले की पोरगी लग्नासाठी चष्मा काढतेय. मामाने मात्र होडीच्या इंजिनासाठी साठवलेले पैसे बनियनच्या आतल्या खिशात घातले आणि मला एसटीत बसवून कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेले.

मासा घेताना तो कल्ले उघडून बघतो. डॉक्टरांचे कल्ले उघडता येईनात, म्हणून तपासणी संपेपर्यंत तो त्यांच्या तोंडाकडेच बघत बसला आणि म्हणाला, "डॉक्टरानू, तुमी सवता चष्मो कित्याक लावतास?" मला जमीन दुभंगावी असे झाले. डॉक्टर हसले. त्यांच्या बुबुळावरचा पडदा पातळ होता, त्यांना लेसर झेपणार नव्हते. माझा चांगला जाड निघाला होता, मला चालणार होते. मामा माझ्या कानाशी लागला, "असो मनीस ठकवचो नाय."

माल पसंत पडला, आता दर. काउंटरवरच्या बाईंनी आकडा सांगितला, मामाने निम्मा सांगितला. बाई म्हणाल्या, इथे भाव होत नाही. मामाने माझा दंड धरला आणि पाठ फिरवली. एक, दोन, तीन, चार. हाक आली नाही. पाचवे पाऊल त्याच्या शास्त्रात नव्हते, तरी त्याने टाकले. बघता बघता आम्ही रस्त्यावर, नारळपाण्याच्या गाडीशेजारी येऊन उभे.

"थांब गो," तो म्हणाला, "आता हाक मारतले."

अर्धा तास तो तिथे पाठ करून उभा राहिला. भरती दोन महिन्यांवर आली होती. त्याआधी डोळे निवायला हवे होते. मला दिसत होते की ही हाक काही येत नाही, आणि माझी नोकरी मात्र त्या गाडीशेजारी उन्हात सुकून सुकट होतेय.

मग मी एकटी आत गेले. शिकले होते कशाला? बाईंना सरळ विचारले. हा आकडा एका डोळ्याचा की दोन्हींचा? तपासण्या त्यात आल्या का? थेंबांची औषधे? पुढच्या फेऱ्या? थोडा नंबर उरला तर पुन्हा पैसे पडतात का? दरपत्रकावर दुसऱ्या यंत्राचा दर जास्त का? बाईंनी न चिडता सगळे कागदावर लिहून दिले. बाहेर येऊन मी मामाला वाचून दाखवले. आकडा दोन्ही डोळ्यांचा मिळून, तपासण्या आणि वर्षाच्या फेऱ्या धरून, औषधे तेवढी वेगळी.

मामाचा चेहरा उजळला. "म्हणजे कापून, साफ करून. मसालो तेवढो आपलो."

तो आत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेली किंमत सांगितली तशी दिली. पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन आम्ही परत निघालो. घाट उतरेपर्यंत तो उरलेले पैसे मोजत होता. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "तुझ्या डोळ्यांचो भाव मी पाडून मागलो, ह्यां कोणाक सांगा नको."

आज सांगून टाकले. तो हे वाचणार नाही, आणि कुणी वाचून दाखवलेच तर निम्मेच कबूल करील.

त्याची होडी अजून वल्ह्यांवर चालते. माझ्या पगारातून इंजिन घेऊया म्हटले की तो दुकानात जातो, भाव पाडतो, चालू लागतो. हल्ली मात्र चौथ्या पावलाला गुडघा धरून थांबतो आणि मागे बघतो. सुटीवर आले की मी बंदरावर उभी राहते. पूर्वी लांबच्या सगळ्या होड्या मिळून एक डाग असायचा. आता वल्ही मारताना त्याचा डावा खांदा किती खाली येतो, तेही दिसते. ते न दिसते तर बरे, असे कधी कधी वाटते.

त्या भरतीच्या वेळी डोळ्यांच्या तपासणीत तक्त्याची शेवटची ओळ मी चष्म्याशिवाय वाचली, आणि भरती झाले.