उद्घाटनाच्या सकाळचं पाणी

सकाळचे नऊ वाजून गेले होते. माझ्या हातातल्या काचेच्या नळीत पाणी होतं. त्यात औषधाची गोळी विरघळली आणि पाणी गुलाबी झालं. त्याला रंग यायला नको होता.

बाहेर हॉलमध्ये लेझीमच्या मुली रांगेत उभ्या होत्या. "आंतरराष्ट्रीय मैत्री" लिहिलेला बॅनर वाऱ्याने सारखा उलटत होता. अकरा वाजता, मशीनसाठी मदत पाठवणारे कॅनडाचे पाहुणे येणार होते. आणि आत, नव्या कोऱ्या मशीनशेजारच्या खुर्चीत गंगाबाई बसल्या होत्या. दारव्ह्याच्या बाजारात त्या भाजी विकत. आमच्या केंद्राच्या त्या पहिल्या पेशंट.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. किडनी बंद पडली की रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी शरीरातच साठतं. ते काढायचं काम मशीन करतं. एका बारीक पडद्याच्या एका बाजूने पेशंटचं रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने शुद्ध केलेलं, क्षार मिसळलेलं पाणी. चार तासांत एका माणसाला साधारण एकशेवीस लिटर पाणी लागतं. हे मी गंगाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "काय बाप्पा! मले दिवसाचा एक तांब्या देता मोजून, अन् हे मशीन एकशेवीस लिटर पिऊन राह्यलं? याले नाही कोणी बोलत?"

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपण ते पितो, पोटात काही बिघडत नाही. पण डायलिसिसमध्ये तेच क्लोरीन पडदा ओलांडून थेट रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. पेशंट दगावू शकतो. म्हणून पाणी आधी कोळशाच्या टाकीतून काढतात. आम्ही तिला कार्बन टँक म्हणतो. कोळसा क्लोरीन धरून ठेवतो. त्यानंतर पाणी आरओ प्लँटमध्ये जातं. रोज पहिला पेशंट मशीनला लावण्याआधी कार्बन टँकनंतरच्या पाण्यात ती गोळी टाकून बघायची. रंग आला म्हणजे क्लोरीन उरलंय, मशीन चालू करायचं नाही. यात जर-तर नसतं.

आधी मला वाटलं, गोळ्याच खराब झाल्या असतील. पाहुण्यांसाठी आणलेली एक सीलबंद बाटली फोडली, त्यात गोळी टाकली. रंग नाही. म्हणजे गोळ्या चांगल्या होत्या. मग कार्बन टँकच्या आधीचं पाणी घेतलं. ते तर गडद, जास्वंदीसारखं झालं. आदल्या तीन दिवसांत एकदाही असं झालं नव्हतं. मी जिना चढून गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण उचललं आणि वासानेच डोळे चुरचुरले. ब्लीचिंग पावडर.

खाली, हे केंद्र उभारणाऱ्या सेवाभावी क्लबच्या सेक्रेटरी कुंदाताई रांगोळीवर शेवटचा हात फिरवत होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना विचारलं, "ताई, वरच्या टाकीत काही टाकलं का?"

"टाकलं ना! पहाटेच माणूस लावून टाकी घासून घेतली. पाणी भरलं आणि पावडरचं आख्खं पाकीट टाकायला लावलं. पाहुणे पहिल्यांदा येताहेत रे संतोष. आपल्या पाण्याने त्यांचं पोट बिघडलं तर काय तोंड दाखवायचं?"

त्यांना काय बोलणार? पाहुणे येणार म्हटल्यावर कोणत्याही घरात हेच केलं असतं. प्लँटच्या खोलीला मी कुलूप लावलं होतं, आत कोणी हात लावू नये म्हणून पाटीही लावली होती. गच्चीवरच्या टाकीचा विचार मात्र केला नव्हता. पाणी तर तिथूनच येत होतं.

मी क्लबच्या अध्यक्षांकडे गेलो. ते वकील आहेत, सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणतात. इथे थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी फुलसावंगीचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. दारव्ह्याला मामाकडे राहून बारावी केली, मग नागपूरला हा कोर्स. कोर्सची सगळी पुस्तकं या क्लबच्या बुक बँकेने दिली आणि बुक बँक वकीलसाहेब चालवत. पुस्तकं एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायला ते स्वतः स्टँडवर येत. नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली. अशा माणसाला त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाच्या दोन तास आधी 'नाही' म्हणायचं होतं.

"साहेब, आज मशीनवर पेशंट लावता येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "कारण?"

मी सांगितलं. शेजारी क्लबचे एक मेंबर उभे होते, त्यांचं कापडाचं दुकान आहे. ते म्हणाले, "अरे, त्या मीटरवर तर पाणी एकदम चांगलं दाखवून राह्यलं! मी आत्ता पाहिलं."

"शेठ, तो टीडीएस मीटर आहे. तो पाण्यातले क्षार मोजतो. क्लोरीन त्याला दिसत नाही."

"म्हणजे तुझ्या एका गोळीवर सगळा कार्यक्रम बंद? क्लबनं तुले पुस्तकं कायले दिली रे? असे पाय ओढायले?"

कान गरम झाले. पण उत्तर तोंडात तयार होतं. "शेठ, त्याच पुस्तकांत हे लिहिलंय."

वकीलसाहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पुरावा दाखव."

मी त्यांच्यासमोर तीन नळ्या भरल्या. बाटलीचं पाणी, टाकीचं पाणी, कार्बन टँकनंतरचं पाणी. एकेक गोळी टाकली. त्यांनी तिन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि उलटतपासणी सुरू केली.

"ही मधली टाकीची. आणि ही तिसरी, कोळशातून आलेली. मग कोळशानं काय केलं?"

"रोजच्या क्लोरीनपुरता आहे तो. एवढं पाकीट झेपलं नाही."

"टाकी रिकामी करून पुन्हा भरली तर?"

"नळ आता परवा येणार. विहिरीच्या पाण्याचा टँकर मागवावा लागेल. टाकी, पाइप, कोळसा, सगळं धुवून निघायला संध्याकाळ होईल. त्यानंतर पाण्याचा लॅबचा रिपोर्ट पुन्हा मागवायचा. तोवर मी कोणालाही लावणार नाही."

"म्हणजे उद्घाटन पुढे ढकलायचं. पाहुणे उद्या सकाळी निघताहेत."

"उद्घाटनाचं तुम्ही ठरवा साहेब. माझी अडचण गंगाबाईंची आहे."

खरी गोष्ट ही होती. गंगाबाईंचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी यवतमाळला व्हायचं. आज शुक्रवार. काल त्या गेल्याच नव्हत्या. "आज पहिलं मशीन तुमचंच" असं क्लबने त्यांना सांगितलं होतं, आणि "एक दिवस उशीर झाला तर चालेल ना?" असं मला विचारलं तेव्हा हो म्हणणारा मीच होतो. एक दिवस चालतो. पण त्या सोमवारनंतर चार दिवसांचं पाणी अंगात घेऊन बसल्या होत्या. पाय सुजले होते. बोलताना मध्येच थांबत होत्या.

केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फुप्फुसांत खाली पाणी ऐकू येतंय. संध्याकाळपर्यंत थांबवायचं नाही. दुपारी एकपर्यंत तरी मशीनला लागायला पाहिजेत."

गंगाबाईंनी ओळखलंच. "काय झालं भाऊ? खराब झालं का मशीन?"

"मशीन चांगलं आहे मावशी. पाणी खराब झालं. यवतमाळले जा लागते."

"आता? अन् मी हे नवं लुगडं कायले नेसली मंग?"

मी यवतमाळच्या सेंटरला फोन लावला. तिथला सीनियर टेक्निशियन माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "काहून रे, आज तं तुमचं उद्घाटन हाय ना? पेपरात वाचलं आम्ही." मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांची कालची जागा मी दुसऱ्याले दिली. पण साडेबाराले एक मशीन सुटते. पाऊण वाजेपर्यंत आण. मंग नाही थांबवू शकत, बाहेर लाइन हाय."

दारव्हा ते यवतमाळ तास-सव्वा तास. अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती, यायला दोन तास तरी लागणार होते. साडेदहा झाले होते.

तेवढ्यात शेठजींनी तोडगा काढला. "बाईले अर्धा तासच बसवा. मशीनचे दिवे लावा, नळ्या नुसत्या हातावर ठेवा. फोटो झाला की पाठवून देऊ. इतके लांबून आलेले लोक, त्यांच्या गावानं थंडीत केक विकून मदत जमवली. त्यांना काय रिकामी खुर्ची दाखवायची?"

गंगाबाईही म्हणाल्या, "बसते मी भाऊ. एवढ्या लोकाइनं केलं माह्यासाठी. अर्ध्या तासानं काय होते?"

"नाही मावशी," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "पाहुणे वेळेवर येतीलच असं नाही. आले तर हार, भाषणं. अर्ध्याचे दोन तास होतील. यवतमाळचं मशीन गेलं तर आज तुम्हाला कुठंच जागा नाही." मग वकीलसाहेबांकडे वळून म्हणालो, "काल माझ्या एका 'हो'नं त्यांचं डायलिसिस चुकलं, साहेब. आज पुन्हा 'हो' म्हणणार नाही. मला कामावरून काढलंत तरी चालेल."

कुंदाताईंच्या हातात अजून रांगोळीचा डबा होता. त्यांचे डोळे भरले होते.

वकीलसाहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आहे ना? तो घ्या. सिस्टरला बरोबर द्या. गाडी मी चालवतो. यवतमाळचे रस्ते ड्रायव्हरपेक्षा मला जास्त माहीत आहेत, तीस वर्षं कोर्टात जातोय."

शेठजी म्हणाले, "अन् अध्यक्ष नसल्यावर फीत कोण कापणार?"

"फीत कोणीही कापतो. कुंदाताई, पाहुण्यांना सगळं खरं सांगा. पावडरचंही."

गाडी निघाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. लेझीमच्या मुलींना वाटलं, पाहुणेच आले. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. खिडकीतून गंगाबाईंनी त्यांना हात केला.

पाहुणे सव्वाबाराला आले. नवरा-बायको, दोघं सत्तरीचे, मार्गारेट आणि तिचा नवरा. कुंदाताईंनी मराठी शाळेतल्या इंग्रजीत सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. मार्गारेटबाईंनी फितीकडे पाहिलंही नाही. विचारलं, "त्या बाई पोचल्या का?" मी म्हणालो, अजून फोन आला नाही. त्या म्हणाल्या, "मग आपण फोनची वाट बघू." आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. त्या बसल्यावर सगळेच बसले. शंभरेक माणसं हार-तुरे घेऊन एका फोनची वाट बघत होती. मी मात्र पुन्हा गच्चीवर जाऊन टाकी उपसू लागलो.

बारा पस्तीसला सिस्टरचा फोन आला. पोचलो. एक वाजता दुसरा आला. मशीनला लावलं, दम कमी होतोय. त्यानंतर भाषणं झाली. फीत मार्गारेटबाई आणि कुंदाताईंनी मिळून कापली. वकीलसाहेब संध्याकाळी गंगाबाईंना घरी सोडून आले, तोवर मांडववाला खुर्च्या घेऊन गेला होता.

आमचं मशीन प्रत्यक्षात सुरू झालं नऊ दिवसांनी, लॅबचा रिपोर्ट आल्यावर. पहिला नंबर गंगाबाईंचाच होता, पण यवतमाळची जागा त्यांनी त्या दिवशीही सोडली नाही. इथलं डायलिसिस नीट पार पडल्यावरच मी तिथे फोन करून ती रद्द केली. आता हा आमच्या केंद्राचा नियमच आहे. नवं चालू होऊन सिद्ध झाल्याशिवाय पेशंटचं जुनं बंद करायचं नाही. क्लबने दुसरा कार्बन टँक बसवून दिला. गच्चीच्या टाकीला कुलूप लागलं, किल्ली कुंदाताईंनी स्वतःहून माझ्याकडे दिली.

सेवा करणाऱ्या चांगल्या माणसांबरोबर मी अजूनही काम करतो आणि त्यांचा ऋणी आहे. त्यांच्याकडून काही शिकलो, त्यांना एक गोष्ट शिकवली. पाणी स्वच्छ आहे का, एवढं विचारून भागत नाही. कोणासाठी स्वच्छ, तेही विचारावं लागतं.